नेपच्यून

प्राचीन रोमन धर्मातील जलदेवता. मुळात हा झरे व गोड्या पाण्याचा इटलीतील देव. इ. स. पू. ३९९ पर्यंत ग्रीकांच्या पोसायडनशी त्याचे तादात्म्य झाले व तो समुद्राधिपती ठरला. त्याचे मूळ रूप २३ जुलैच्या उत्सवात टिकून राहिले : ऐन उन्हाळ्यात, पाणी आटण्याच्या दिवसांत, लोक डहाळ्यांचे मांडव घालून तो साजरा करीत. शिल्पांत तो दाढीधारी व त्रिशूळधारी दिसतो. शिवाच्या त्रिशूळाशी मात्र त्याचा संबंध नाही.

या देवाची एक लहान ब्राँझमूर्ती कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर इतर रोमन ब्राँझवस्तूंसह मिळाली. ग्रीक शिल्पकार लायसिपसच्या पोसायडनचा घाट तीत उतरला आहे, म्हणून ती पोसायडन या नावानेच ओळखली जाते. येथे सांकलिया व दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उघडकीस आली. मूर्ती कोकणातील बंदरांतून घाटमार्गे आली असावी. तिची येथे पूजा होत असल्याचा पुरावा नाही. बरोबरच्या भांड्यांवरून ती धनिकाच्या घरातील शोभेची वस्तू वाटते. ती कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.