उसाचे वाढे आणि म्हैस

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याला उत्तरेस वारणा आणि दक्षिणेस पंचगंगा या नद्यांचे पाणी लाभले आहे. त्यामुळे येथे ऊस फार. दिवाळीच्या सुमारास उसाची तोड सुरू झाली, म्हणजे बांधाबांधावर वाढ्याचे हिरवेगार भारे दिसू लागतात. वाढे म्हणजे उसाचा शेंड्याकडील पाला. ते स्वस्त मिळते. तलवारीसारख्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैसही ते आवडीने खाते. मग कित्येक गोठ्यांत तीन-चार महिने दुसरी वैरण दृष्टीसच पडत नाही. धोका आहे तो येथेच.

वाढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. चाऱ्यातील कॅल्शियम, म्हणजेच चुन्याचा अंश, ते पोटातच बांधून टाकते. दुभत्या म्हशीच्या दुधावाटे हा अंश रोज बाहेर जातच असतो. त्याची भरपाई होईनाशी झाली, की हाडांतील साठा खर्ची पडतो, म्हैस खंगते आणि दूध आटते. म्हणून वाढ्याबरोबर ज्वारीचा कडबा, लसूणघास आणि क्षारमिश्रण द्यावे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची रीतही चांगली आहे. चारा बदलावयाचा तो एकदम नव्हे, आठ-दहा दिवसांत थोडाथोडा.

व्यालेल्या म्हशीच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरले, तर ती अंग टाकते. मान कुशीकडे वळवून बसते, कान गार पडतात, उठवली तरी उठत नाही. यास दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडते. नाव ठेवणाराने येथे गफलतच केली म्हणावयाची! पशुवैद्याने वेळेवर शिरेतून कॅल्शियम दिले, तर निपचित पडलेली म्हैस बहुधा थोड्याच वेळात उभी राहते. उशीर झाला, तर दगावते.

जनावर मुके खरे. परंतु त्याचे दुखणे लपत नाही. निरोगी म्हशीची नाकपुडी ओलसर असते आणि ती दिवसाकाठी सहा ते आठ तास रवंथ करते. रवंथ थांबली, नाकपुडी कोरडी पडली, की काही बिघडले असे समजावे. कोवळा, ओला चारा अधाशीपणे खाल्ल्यावर डावी कूस फुगली आणि तिच्यावर थाप मारताच ढोलासारखा आवाज आला, तर ती पोटफुगी होय. अशा वेळी जीभ ओढून घशात तेल ओतण्याची घाई करू नये. ते श्वासनळीत उतरते आणि पोटफुगीतून वाचलेली म्हैस पुढे फुप्फुसाच्या दाहाने मरते. पशुवैद्य येईपर्यंत तिला पुढचे पाय उंचवट्यावर येतील अशी उभी करावी.