एकच आकडा, दोन विद्याशाखा

नाशिकचे रमेश रासकर पुण्यात अभियांत्रिकी शिकून पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत पोहोचले. 2012मध्ये त्यांच्या गटाने कोपऱ्याआडच्या वस्तूचा आकार टिपला. लेझरचा झोत भिंतीवरून उसळून वस्तूवर जातो, परततो. अतिवेगवान कॅमेरा प्रकाशाला लागलेला वेळ नोंदवतो. निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला.

अशा कामाची दखल उद्धरणांवरून मोजतात. हिर्श यांनी 2005मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक 20 म्हणजे किमान 20 वेळा उद्धृत झालेले 20 निबंध. पण कॉम्प्युटर व्हिजनचं बरंचसं काम परिषदांत छापून येतं, मेंदूविज्ञानाचं नियतकालिकांत. नागपूरच्या व्हीएनआयटीतला प्राध्यापक आणि तिथल्याच मेडिकल कॉलेजमधला मेंदूतज्ज्ञ यांना एकाच आकड्याने तोलणं अन्यायाचंच.

उद्धरणं विद्याशाखांची हद्द ओलांडतात, पण सावकाश. मेंदूशास्त्रज्ञ ह्यूबेल-वीझल यांनी 1959मध्ये मांजरीच्या मेंदूतल्या दृष्टिपेशींवर लिहिलं. त्यावरून आकृत्या ओळखणारं फुकुशिमांचं संगणकी प्रारूप, निओकॉग्निट्रॉन, 1980मध्ये आलं.