सायकल, वेग आणि तरुण मन

उताराच्या रस्त्यावर दोन्ही हात सोडून सायकल पिटाळणारा १५ वर्षांचा मुलगा पाहिला म्हणजे वडील मंडळी त्यास अविचारी म्हणतात. आमच्या मतें हें निदान अपुरें आहे. धोका त्यास ठाऊक असतो. परंतु या वयांत मेंदूंतील सुखाची व उत्तेजनाची ओढ प्रबळ झालेली असते, आणि मनास आवर घालणारा कपाळामागील भाग सुमारें पंचविशीपर्यंत पूर्ण पक्व होत नाहीं. घोडा जोमदार, पण लगाम कच्चा, अशी ही स्थिति होय.

त्यांत सोबती पाहत असले म्हणजे विचारावयासच नको. २००५ सालीं गार्डनर व स्टाइनबर्ग या अमेरिकन संशोधकांस संगणकावरील मोटारीच्या एका खेळांत असें आढळलें कीं, कुमार एकटे असतां जितकें धाडस करीत, त्याहून कितीतरी अधिक तें सोबत्यांसमक्ष करीत. प्रौढांत हा फरक जवळजवळ दिसला नाहीं.

वेगाचा हिशेब मात्र कोणाचीच भीड धरीत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. म्हणून पालकांस आमची विनंति कीं, केवळ रागें न भरतां हा हिशेब मुलांस समजावून द्यावा व सायकलीचे ब्रेक वेळोवेळीं तपासावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमचा सोबती हात सोडूं लागला तर टाळ्या वाजवूं नका. त्या क्षणीं त्याचा लगाम तुमच्या हातीं असतो.