न विचारलेल्या जागा

माधव गाडगीळ आणि व्ही. डी. वर्तक यांनी १९८१ मध्ये महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी छापली, तेव्हा तिच्यात २३३ देवराया होत्या. नंतरच्या सर्वेक्षणांनी हा आकडा हजारांत नेला. नुसता आलेख काढला तर रेघ चढतीच दिसेल, आणि एखाद्या खात्याच्या अहवालात ती यश म्हणून खपूनही जाईल. प्रत्यक्षात त्याच काळात कोकणात आणि मावळात राया तुटत होत्या, आक्रसत होत्या. काही ठिकाणी तर राईच्या जागी देवळाचा सिमेंटचा सभामंडप तेवढा उरला होता. वस्तू घटत गेली आणि तिची नोंद वाढत गेली. ही विसंगती एकदा नीट पाहिली की आडरानांत आणि दलदलींत शिरून विस्मृत जागा हुडकण्याचे जे काम गेल्या पन्नास वर्षांत झाले, त्याचा अर्थ वेगळा लागू लागतो. २३३ हा आकडा देवरायांचा कमी आणि पायपिटीचा जास्त होता. किती गावे पालथी घातली आणि किती ओसऱ्यांवर थांबून चौकशी केली, त्याची ती मोजदाद होती. ज्यांना आपण विसरलेल्या जागा म्हणतो त्यांतल्या बहुतेक कोणी विसरलेल्या नसतात, असे माझे म्हणणे आहे. त्यांच्याबद्दल कोणी विचारलेले नसते. आणि विचारण्याचे काम आजही पायीच करावे लागते.

या कामाची एक पूर्वपीठिका आहे. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिच ब्रँडिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोडगूतल्या देवरकाडूंची, म्हणजे तिथल्या देवरायांची, दखल घेतली होती, पण ती लाकूड आणि वनव्यवस्थापन पाहणाऱ्या अधिकाऱ्याची दखल. पायी फिरणे हीच अभ्यासाची पद्धत आपल्याकडे ठसठशीतपणे रुजवली ती दामोदर कोसंबींनी. पेशाने गणिती असलेला हा माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि मावळातली खोरी तुडवत सूक्ष्म पाषाणहत्यारे आणि मातृदेवतांची ठाणी शोधत होता. जुन्या पाऊलवाटा एकमेकींना जिथे मिळतात तिथेच ही ठाणी का सापडतात, हा प्रश्न त्यांना पडला तो वाटेवर पाय होते म्हणून. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त तो सविस्तर आला आहे. देवराईची मुळे शेतीच्याही आधीच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात असावीत, हा कोसंबींचा कयास गाडगीळ-वर्तकांनी पुढे नेला. तो खरा मानावाच असे नाही. अनेक राया त्यामानाने अलीकडे राखलेल्या असू शकतात. पण हा प्रश्न ग्रंथालयात बसून पडला नसता, एवढे कबूल करायला हवे.

गाडगीळ-वर्तकांच्या कामातले श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाचे उदाहरण मला आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते. काळकाईची ही राई वनखात्याच्या तोडीत जाण्याच्या बेतात होती. गावकऱ्यांनी विरोध केला तो केवळ देवीच्या कोपाच्या धास्तीने नाही. गावाला बारमाही पाणी देणारा ओढा त्या राईतून उगम पावत होता आणि झाडे गेली तर पाणी जाईल हे त्यांना पक्के ठाऊक होते. राईतल्या गारंबीच्या महावेलीची साल गुरांच्या औषधाला लागे आणि ती न्यायला दूरच्या गावांतून माणसे येत. आता प्रश्न असा की ही राई कोणासाठी विस्मृतीत होती? तालुक्याच्या नकाशात आणि वनखात्याच्या आराखड्यात ती केवळ तोडायचा एक तुकडा होती. गावाच्या लेखी ती पाणवठा, औषधालय आणि देवीचे ठाणे अशा तिन्ही नात्यांनी रोजच्या व्यवहारात होती. अभ्यासक तिथवर गेले नसते तर वनस्पतिशास्त्राला एक यादी कमी मिळाली असती एवढेच नाही. ओढा आणि राई यांचे नाते कोणत्याही कागदावर आले नसते. कारण ते नाते झाडांच्या यादीत मावत नाही, ते सांगणाऱ्याच्या तोंडूनच ऐकावे लागते.

दलदलीची कथा याहून बोलकी आहे. केरळात, जुन्या त्रावणकोरच्या डोंगरांत, रानजायफळांची पाणथळ जंगले असल्याची शास्त्रीय नोंद १९६० मध्ये झाली, आणि १९६८ च्या चॅम्पियन-सेठ वर्गीकरणात त्यांना वनप्रकार म्हणून जागा मिळाली. हे जंगल उभे राहते तेच चिखलात. वर्षभर पाणी मुरलेल्या त्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती गुडघा मुडपल्यासारखी चिखलातून वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा खाली जातात. काही झाडे खोडापासून आधारमुळे सोडून तिवईसारखी उभी राहतात. बी असे की वाळले की मेले. त्यामुळे ओलावा तुटला की पुढची पिढीच संपते. आता अशी जागा डोंगरपायथ्याशी, सपाट, बारमाही पाण्याची असणार हे उघड आहे, आणि कोकण-गोवा-कारवारच्या माणसाला नेमकी तशीच जागा भाताच्या मळ्याला किंवा पोफळीच्या बागेला लागते. शतकानुशतके या दलदलींचे चर काढून पाणी वळवले गेले आणि तिथे पोफळीची कुळागरे उभी राहिली. कोणी दुष्टाव्याने केले असे नाही. पोट भरायचे होते. उरले ते तुकडे, आणि त्यांतले पुष्कळ उरले ते तिथे देव होता म्हणून. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय ही अशीच. तिच्यातल्या हवाई मुळांचे वर्णन १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आले, पण निरंकाराला नारळ ठेवणाऱ्यांना ती मुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची होती. उत्तर कन्नडात जोगच्या धबधब्यापासून फार दूर नसलेल्या कत्तलेकान या जंगलातल्या दलदलीत बिब्ब्याच्या कुळातली एक नवी जात मिळाली आणि २००० मध्ये तिला त्या जागेवरूनच शास्त्रीय नाव दिले गेले. कत्तलेकान म्हणजे काळोखाचे रान. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी रान नीट पाहिले होते.

महाराष्ट्रात अशी दलदल नाही असेच अगदी अलीकडेपर्यंत गृहीत धरलेले होते. सह्याद्रीत उत्तरेकडे यावे तसा कोरडा काळ लांबत जातो; केरळात तीन-चार महिने असणारा तो कोकणात सात-आठ महिन्यांवर जातो, आणि एवढी कोरड रानजायफळाचे झाड सोसणार नाही, असा तो तर्क. तर्कात चूक नव्हती. फक्त जमिनीतून सतत पाझरणारे पाणी पावसाची उणीव भरून काढू शकते, हे त्यात धरलेले नव्हते. २०१८ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाची दलदल असल्याचे प्रसिद्ध झाले. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिथल्या २.५९ हेक्टर क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. पुढे कुंब्रल गावातही अशी दलदल आढळली, तीही देवराईतच. २.५९ हेक्टर म्हणजे साडेसहा एकरांच्या आतबाहेर. बागाईतदाराच्या हिशेबात ही एक बरीशी काजूची बाग झाली.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. उपग्रह, ड्रोन आणि लेसरने जमीन मोजणारी लायडारसारखी यंत्रे असताना गुडघाभर चिखलात जळवा लावून घेण्याची हौस कशाला? ग्वाटेमालाच्या जंगलाखाली दडलेल्या माया संस्कृतीच्या साठ हजारांवर वास्तू २०१८ मध्ये लायडारनेच उजेडात आणल्या. कितीही माणसे चालवली असती तरी ते एवढ्या वेळात झाले नसते. हा दाखला मी डावलत नाही. पण यंत्र काय शोधते ते पाहू. दगडी चौथरा जमिनीच्या उठावात दिसतो, कारण तो आजूबाजूपेक्षा वेगळा आहे. दोडामार्गातली राई वरून पाहिली तर तिच्या शेजारी काजू हिरवा, रबर हिरवे आणि राईही हिरवीच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्र आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असले की ते वनाच्छादन ठरते, मग झाडे कोणाची आणि कोणत्या जातीची हा प्रश्न उरत नाही. म्हणजे राई तोडून रबर लावले आणि ते वाढले, तर काही वर्षांत हिशेब पुन्हा जुळतो. आणि जी राई एक हेक्टराहून लहान आहे ती मुळात हिशेबातच नाही. कोकणात अशा राया ठायीठायी आहेत: चार-पाच मोठी झाडे, वेलींचे जाळे, मध्ये उघड्यावरचा दगडाचा देव. चित्रे अधिक बारीक झाली की झाडांच्या जाती वरूनही ओळखता येतील, हे मी मानतो. पण इथे कोयता चालत नाही, कौल घेतल्याखेरीज फांदी तोडत नाहीत, या ओढ्याचा पाट कोणाच्या शेताला जातो, हे कोणत्या उंचीवरून दिसणार? सीमा या नियमांनी ठरलेली असते आणि नियम माणसांच्या तोंडी असतात. वाहनातून उतरून दोन वाक्यांत ते कोणी सांगत नाही. गुरव किंवा गावकार पाहुण्याला जोखतो, सोबत चालतो आणि चालता चालता बोलतो.

राजस्थानातल्या ओरणांबाबत, म्हणजे तिथल्या देवरायांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात जमिनीवरचे आणि उपग्रहाद्वारेचे असे दोन्ही प्रकारचे नकाशे करायला सांगितले, आणि क्षेत्र किती याचा विचार न करता पवित्र वने ओळखायला सांगितली. क्षेत्राची अट काढली की व्यवहारात माणूस पाठवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. न्यायालयाने पायपिटीची भलामण केली असे म्हणणे ताणल्यासारखे होईल. पण तिची गरज त्या आदेशात गृहीत आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे आणि मला तो अधिक टोचतो. या जागा न विचारलेल्या होत्या म्हणूनच टिकल्या. मग विचारायला जाणारे कशाला हवेत? नोंद झाली की फलक येतो, फलकामागून रस्ता, रस्त्यामागून रविवारची गर्दी आणि प्लॅस्टिक. पन्नास वर्षांच्या या मागोव्यात याचे उत्तर मिळते, पण ते पूर्ण समाधान करणारे नाही. राया तुटल्या त्यांत प्रसिद्धीने तुटलेल्या थोड्या. जास्त गेल्या त्या कोळशाला आणि इमारती लाकडाला, धरण आणि रस्त्याच्या कामात, फळबागांत, आणि जीर्णोद्धारात. उघड्यावरच्या देवाला छप्पर हवे झाले की पहिली कुऱ्हाड त्याच्याच झाडावर पडते. हे सगळे कोणी न पाहता, कोणी न लिहिता झाले. गाणीचा ओढा लिहिला गेला म्हणून त्याच्या बाजूने बोलता आले. मात्र जागेची नोंद आणि जागेचा पत्ता या दोन गोष्टी निराळ्या करता येतात, आणि अलीकडची हौशी भटकंती हे सर्रास विसरते. कोणत्या तालुक्यात काय आहे हे छापावे. चिखलातून जाणारी वाट जगजाहीर करण्याचे कारण नाही. ‘आम्ही शोधून काढले’ ही भाषाही जरा आवरावी. ज्या राईत दरवर्षी जत्रा भरते ती सापडत नसते.

पायी केलेल्या सर्वेक्षणांतही खोट आहेच. माणूस चालतो तो ओळखीच्या गावाकडून, एसटी जिथवर जाते तिथून पुढे, आणि बहुधा पाऊस थांबल्यावर. महिनाभर ठाण मांडणाऱ्यापेक्षा एकदाच फिरकणाऱ्यांच्या नोंदी जास्त असतात. बायकांना फारसे विचारले जात नाही. पाणी, कंद आणि औषधी पाला त्यांच्याकडे असूनही नोंदवहीत बहुधा पुजारी आणि सरपंच बोलतात. त्यामुळे आज हाती असलेल्या याद्या म्हणजे आपण कुठे गेलो त्यांचा नकाशा आहेत. बांबर्ड्याच्या दलदलीला ‘सर्वांत उत्तरेकडची’ हे विशेषण लागले. त्याआधी ते गोव्याकडे होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी सावंतवाडीपासून कुडाळ, कणकवलीपर्यंत बारमाही पाझर असलेली खोरी पुष्कळ आहेत, त्यांतल्या कित्येकांत देव आहे आणि देवाभोवती झाडी आहे. तिथल्या गुरवाला त्या चिखलातली मुळे कशी असतात, हे अजून कोणी विचारलेले नाही.