सामाईक भिंत

इंग्लंडमधील बिबरी गावच्या ‘आर्लिंग्टन रो’ या घरांच्या ओळीचे चित्र आपण कोठे ना कोठे पाहिले असेल. सुमारे १३८० मध्ये बांधलेले हे लोकरीचे कोठार; सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरे झाली. खांद्याला खांदा लावून उभी असलेली ती दगडी घरे पाहायला जगभरचे लोक जातात. पण अशा ओळींसाठी सातासमुद्रापार कशाला जायला हवे? जालना जिल्ह्यातील आष्टीच्या मुलखात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, जुन्या पेठांतून माळवदाच्या घरांची अशीच रीत आहे.

रस्त्याकडे ओटा, ओट्यालगत दुकान. दुकानाला दाराऐवजी फळ्या. सकाळी काढायच्या, रात्री लावायच्या. मागे ढाळज, चौक आणि राहते घर. भिंती दगडमातीच्या, दोन-अडीच फूट रुंद. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचन आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घराचा मोठेपणा खणांनीच सांगायचा. दोन शेजाऱ्यांत भिंत मात्र एकच. त्यामुळे खर्च वाचे आणि उन्हात तापायला भिंतीही कमी उरत. वैशाखात अशा घरात पाऊल टाकले की जीव थंड होतो.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली, ती बहुतांशी अशाच घरांखाली. तेव्हापासून माळवद म्हणजे मरण, असे अनेकांच्या मनाने घेतले. ते अर्धेच खरे आहे. गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे मातीवर माती चढत गेली. छताचे ओझे वाढले. भिंतीची बाहेरची आणि आतली बाजू वेगवेगळी रचून मध्ये गोटे व माती भरलेली. दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. धक्का बसताच भिंत फुगली आणि फुटली. उलट, जेथे छत खांबांवर तोललेले होते, तेथे भिंती पडूनही कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला!

म्हणजे दोष माळवदाचा कमी, निष्काळजीपणाचा अधिक. जुनी माती उतरवून छत हलके करावे. भिंतीत दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने आरपार दगड बसवावेत. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके आधार द्यावेत. जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली हे गवंड्या-सुतारांना जमण्याजोगे आहे.

अडचण निराळीच आहे. भिंत सामाईक, पण दुरुस्ती ज्याची त्याची! एकाने घर पाडून स्लॅब घातला की शेजाऱ्याची भिंत उघडी पडते, पावसाने भिजते, आणि ओळीतले दुसरे घर खचू लागते. ओळ बांधली गेली ती सलोख्याने. टिकेल तीही सलोख्यानेच.

तेव्हा यंदा ओट्यावर पणती ठेवताना ती क्षणभर भिंतीजवळ धरून पाहा. कोठे पोट सुटले असेल, तर दिवाळीचा फराळ घेऊन आधी शेजाऱ्याकडे जा, आणि मग दोघे मिळून गवंड्याकडे!