कललेल्या भिंतीला गिलावा नको, वाट हवी

इंग्लंडमधल्या जुन्या घरांची धुराडी कलतात, त्यामागे बहुतेकदा ओल असते. धुरातले गंधकाचे क्षार आणि पाणी मिळून विटांमधले सिमेंट फुगवतात. पावसाचा मारा झेलणारी बाजू वाढते आणि धुराडे कोरड्या बाजूला झुकते. पुण्याच्या येरवड्यातल्या घरांना धुराडी नाहीत. इथे कलतात त्या सीमाभिंती. प्रक्रिया वेगळी, पण दोषी तेच : एका बाजूला मुरलेले पाणी.

इथल्या पर्णकुटीच्या टेकडीसारख्या उतारावर वरच्या घराचे अंगण खालच्याच्या खिडकीपर्यंत येते. मधली नऊ इंची भिंत बांधलेली असते फक्त हद्दीसाठी. पुढे वरच्या बाजूला भराव पडतो, त्यावर पार्किंगच्या फरशा बसतात आणि हद्दीच्या भिंतीला माती अडवण्याचे काम लागते. त्या कामाचा पाया तिला नसतो, पाणी सोडायला भोकेही नसतात. भरावात पाणी तुंबले, की एक मीटर उंचीच्या पाण्याचा रेटा भिंतीच्या दर मीटर लांबीवर 500 किलो असतो, दोन मीटरला 2,000 किलो. उंची दुप्पट झाली की रेटा चौपट आणि भिंत उलथवणारा जोर आठपट होतो.

भिंत पडते तेव्हा काय होते, हे पुण्याने 2019 मध्ये पाहिले. 29 जूनला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात एका सोसायटीची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर कोसळली आणि 15 जण गेले. दोन-तीन दिवसांतच आंबेगावात भिंत पडून आणखी सहा जण दगावले.

भिंतीची परीक्षा गवंड्याच्या ओळंब्याने होते. वरून दोरी सोडा आणि माथा व पायथा यांतला फरक मोजा. मोकळ्या उभ्या नऊ इंची भिंतीचा माथा तीन इंच बाहेर गेला, की तिच्या एका कडेच्या सांध्यांवर ताण यायला लागतो. मागे भराव असेल तर त्याहून कमी कलही धोक्याचा. तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा लावून तारीख लिहा. पट्टा फुटला तर भिंत अजून हलते आहे.

नवा गिलावा तडा झाकतो, पाणी मात्र आतच राहते. आधी भराव उतरवायचा, मग भिंतीमागे खडीचा थर आणि दर दीड मीटरवर बाहेर उतरत्या पाइपची भोके. तळाला मुळीच खोदायचे नाही. जास्त कललेली भिंत रेटून सरळ करू नये. ती वरून उतरवावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्याने आरसीसीत नव्याने बांधावी.

ही कामे उन्हाळ्यात करायची. पाऊस सुरू झाला असेल, तर कललेल्या भिंतीच्या खालच्या बाजूला कुणाला झोपू देऊ नका, गाडीही लावू नका. दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हा वाद नंतर मिटवता येईल, माणसे आधी हलवा.