रात्री बोट कुठे थांबते?

आठवीच्या वर्गात नकाशा शिकवत होतो. 'तारिणी'ची गोष्ट निघाली, तेव्हा एका मुलीने विचारले, "टीचर, रात्री बोट कुठे थांबवतात?"

आम्हा नाशिककरांना गोदेचा घाट माहीत; समुद्र पाहायचा तर सहलीला जावे लागते. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला आवडला. उत्तर असे, की बोट थांबतच नाही.

'तारिणी' ही भारतीय नौदलाची ५६ फुटांची शिडाची बोट, गोव्यातच बांधलेली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. सुमारे २५,४०० सागरी मैल, म्हणजे ४७ हजार किलोमीटर, तेही वाऱ्याच्या जोरावर! ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल हा पहिला मुक्काम. तिथे पोहोचायलाच ३९ दिवस लागले.

दोघीच असल्या की एक झोपते, दुसरी पहारा देते. जहाजे, ढग, वाऱ्याची दिशा, सगळ्यावर नजर ठेवायची. वारा वाढला की शीड वेळीच आखडायचे. उशीर झाला तर शीड फाटते किंवा डोलकाठीवर ताण येतो. गोडे पाणी मोजून वापरायचे, किराणा आठवड्यांच्या हिशेबाने भरायचा. काही बिघडले तर मिस्त्री येणार नाही, दुरुस्ती आपणच करायची. दक्षिण महासागरात त्यांना वादळे लागली. केप हॉर्न त्यांनी याच मोसमात ओलांडले.

हे धाडस एका दिवसात आलेले नाही. २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई'तून एकट्याने प्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पहिल्या सहा जणींना त्यांनीच शिकवले. दिलना आणि रूपा यांनीही आधी कित्येक महिने समुद्रावर सराव केला होता.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे अब्बा पालकसभेला आले होते. दहावीनंतर तिला पुण्याच्या वसतिगृहात ठेवायचे की नाही, याची त्यांना चिंता. "एकटी कशी राहील?" ते म्हणाले. त्यांची काळजी खोटी नाही, घरोघरी ती असते. आम्ही एवढेच म्हटले, "भाईसाहेब, एकदम पाठवू नका. दोन वर्षे आहेत. बँकेचे काम, दवाखाना, बसचा प्रवास तिला आतापासून करू द्या. तुम्ही सोबत राहा, पण काम तिने करावे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इन्शाअल्लाह, या रविवारी नानीकडे तिलाच तिकीट काढायला लावतो."

सोमवारी ती वर्गात आली, ती हातात बसचे तिकीट घेऊनच.